बुधवारची नोंद

स्टुटगार्टमध्ये आम्ही दोघांनी बावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, असं सांगितलं की पुण्यातली माणसं आधी हसतात. मग विचारतात, "जर्मनांना? इंग्रजी? आणि तुम्ही?" या तीन प्रश्नांची उत्तरं देऊन माझी जीभ झिजली आहे.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी "कामातल्या गमतीजमती लिहा" म्हणून कळवलं. गमती पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट गंमत नाही, आणि ती वगळली तर बाकीचं सगळं खोटं वाटेल. नवऱ्याला, अरविंदला, विचारलं. "लिही," म्हणाला आणि खिडकीपाशी जाऊन बसला.

आधी कामाबद्दल. शहराबाहेर गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी होती. तिने चाकणला कारखाना काढला. इथल्या जर्मन इंजिनिअर मंडळींचं इंग्रजी शाळेतलं, लंडनच्या बाईच्या कॅसेटवर शिकलेलं. चाकणहून फोन आला की यांना घाम फुटायचा. "लाइन खराब आहे," म्हणून फोन ठेवून द्यायचे. नाचता येईना अंगण वाकडं. शेवटी कुणाच्या तरी डोक्यात आलं की इंग्रजी शिकवायला पुण्याचेच मास्तर आणावेत. अरविंद कॉलेजात इंग्रजी शिकवायचा, मी शाळेत. एका भाषासंस्थेमार्फत आम्ही दोघं आलो. ज्या उच्चारांना दुसरीकडे कुणी नाक मुरडलं असतं, त्याच उच्चारांसाठी आम्हाला विमानात बसवून आणलं होतं, याचा मला अजूनही अभिमान आहे.

वर्ग सकाळी साडेसातला, तिसऱ्या मजल्यावरच्या मीटिंगच्या खोलीत. आठ माणसं, आठ पाण्याच्या बाटल्या. गुड मॉर्निंगच्या आधी हजेरीच्या कागदावर सह्या. मोठ्या माणसांना भाषा शिकवताना अडचण व्याकरणाची नसते, भीतीची असते. ज्याच्या हाताखाली तीस माणसं आहेत, तो चुकीचं वाक्य बोलायच्या कल्पनेने लाल होतो. म्हणून अरविंदने पहिल्या दिवशी एक नियम फळ्यावर लिहिला: इथे खरं बोलायची सक्ती नाही, पूर्ण वाक्य बोलायची आहे.

या नियमाने लोक सुटले. क्वालिटीमधले हेर, म्हणजे श्रीयुत, त्सीगलर म्हणून एक अबोल गृहस्थ होते. ते सहा महिने त्यांच्या दोन घोड्यांबद्दल बोलत होते. नावं, खाणं, एकाचा दुखरा पाय, सगळं. ख्रिसमसच्या सुमारास त्यांच्या सहकाऱ्याने मला हळूच सांगितलं की हेर त्सीगलर चौथ्या मजल्यावर राहतात आणि घोडा जवळ आला तरी त्यांना शिंका येतात. पण त्या वर्गात सगळ्यात जास्त सुधारलं ते त्यांचंच इंग्रजी.

मंगळवार अरविंदचा, गुरुवार माझा. वर्ग एकच. दोन मास्तरांनी दोन गोष्टी सांगितल्या तर जर्मन माणूस बेचैन होतो, म्हणून आम्ही एक निळी वही ठेवली होती. काय शिकवलं, कोण मागे पडलं, गृहपाठ काय दिला, हे ज्याचा वर्ग झाला त्याने लिहायचं आणि दुसऱ्याने वर्गाआधी वाचायचं. संस्थेच्या बाई कधी तपासायला मागतील म्हणून वही इंग्रजीत. शेवटच्या पानांवर आम्ही स्वतःबद्दल वर्गात काय काय ठोकून दिलं, तेही लिहून ठेवायचो. अरविंद तबला वाजवतो, असं त्याने एकदा सांगितलं होतं. तबला त्याने जन्मात वाजवलेला नाही. पण वहीत होतं, त्यामुळे गुरुवारी मीही मान डोलावली.

पहिल्याच वर्षीची गोष्ट. ऑक्टोबर असेल. बुधवारी सकाळी अरविंद दुसऱ्या एका कोर्सला गेला होता. मी स्वयंपाकघरात चहा घेत वही उघडली. शेवटच्या पानावर त्याच्या अक्षरात तीन छोटी इंग्रजी वाक्यं होती. आम्हाला एक मुलगी आहे, असं सांगितलं. नाव ईरा. वय चार.

"तुम्हाला मुलं आहेत का?" हा प्रश्न पाठ्यपुस्तकाच्या दुसऱ्याच धड्यात असतो. खरेदी विभागातल्या फ्राऊ हाउग, म्हणजे हाउगबाई, यांनी तो विचारला होता.

आता हे सांगायलाच हवं. त्याच्या चार वर्षं आधी, पुण्यात, सातव्या महिन्यात माझं बाळंतपण झालं. मुलगी होती. जिवंत नव्हती. दवाखान्याच्या कागदावर नावाच्या जागी 'बेबी ऑफ शैलजा केळकर' एवढंच लिहिलं होतं. अरविंदने तिला हातात घेतलं होतं. मला दाखवलं नाही. "नको बघूस गं, मग विसरता येणार नाही," असं सासूबाई म्हणाल्या, आणि मायेनेच म्हणाल्या. तिचं नाव ठेवलं नाही. आम्ही दोघं तिच्याबद्दल एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो. मला वाटायचं, अरविंद विसरला असेल. आणि वहीत लिहिलं होतं, वय चार. म्हणजे तो मोजत होता.

मला राग आला. माझ्या पोरीला त्याने आठ परक्या माणसांपुढे सराव म्हणून वापरलं, असं वाटलं. संध्याकाळी तो घरी आला, मी ताट वाढलं, तो जेवला. गुरुवारी वर्गात सांगून टाकायचं ठरवलं, की ती थट्टा होती. खोलीत शिरते तोच फ्राऊ हाउग उभ्या राहिल्या आणि एकही चूक न करता विचारलं, तुमची मुलगी कशी आहे?

मी म्हणाले, तिला सर्दी झाली आहे. घरी येऊन वहीत तेच लिहिलं.

मग ती वाढू लागली. शाळेत जायला लागली तेव्हा वर्गाने तिच्यासाठी, इथे शाळेच्या पहिल्या दिवशी मुलांना देतात तो मोठा कागदी शंकू आणला, खाऊ आणि रंगीत पेन्सिलींनी भरलेला. तो आमच्या कपाटावर राहिला. दुधाचे दात पडले, सायकल आली, गणित आवडेनासं झालं. मंगळवारी अरविंद लिहायचा, गुरुवारी मी पुढे न्यायची. मी तिला कडक शिस्त लावायची, तो लाड करायचा. ईरा फक्त इंग्रजीत होती. घरात, मराठीत, आम्ही तिचं नाव एकदाही घेतलं नाही. त्या वर्षांत मी सुखी होते, हे लिहिताना मला लाज वाटते, पण होते.

ती सातेक वर्षांची असताना एक गुरुवार आला. हेर त्सीगलर म्हणाले, "माझ्या नातवालाही ईरासारखीच बोगद्याची भीती वाटते." आमच्या एस-बानला, म्हणजे लोकलला, शहराखालून एक लांब बोगदा आहे. मी हसले आणि पुढे गेले. घरी येऊन वही चाळली. बोगद्याबद्दल त्यात काही नव्हतं. मी लिहिलं, बोगद्याचं तुम्ही सांगितलंत का? तुम्ही नोंद केली नाही. मंगळवारनंतर खाली उत्तर आलं, मला वाटलं तू सांगितलंस.

एवढं काही नाही, विसरला असेल कुणीतरी, असं मी स्वतःला समजावलं. मात्र त्यानंतर एस-बान बोगद्यात शिरली की मी शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून बसायला लागले. का, ते मला सांगता येणार नाही.

मग मी हात दाखवून अवलक्षण करून घेतलं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मी फ्राऊ हाउग यांना बोलावलं. सभागृहात शंभरेक माणसं, मोदक, गाण्यांच्या भेंड्या. आपली पोरं एका कोपऱ्यात, आया मराठीत हाका मारतायत आणि पोरं जर्मनमध्ये ओ देतायत. फ्राऊ हाउग साडी नेसलेल्या बायकांमध्ये उभ्या होत्या. त्या पोरांकडे बघत मोठ्याने म्हणाल्या, "आणि यातली ईरा कुठली?"

माझी मैत्रीण मेधा शेजारीच होती. "कोण गं ईरा?" तिने विचारलं.

मी अरविंदकडे पाहिलं. तो हसत मेधाला म्हणाला, "अगं, कोर्समधलं पात्र आहे. सरावासाठी. खरं नाही काही." मग फ्राऊ हाउग यांच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाला, ईराला ताप आहे, घरी झोपली आहे.

दोन्ही वाक्यं बिनचूक होती. खोटं उघडं पडता पडता वाचलं, याचं हायसं वाटायला हवं होतं. पण "खरं नाही काही" हे त्याने मराठीत म्हटलेलं मला सोसवलं नाही. घरी परतताना मी म्हणाले, "अहो, तसं म्हणायला नको होतं." तो म्हणाला, "मग काय म्हणायला हवं होतं?" तिच्याबद्दल मराठीत झालेलं आमचं हे पहिलं बोलणं, आणि ते तिथेच संपलं.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी मी कंपनीच्या गेटवर पोचले. गेटवरचे पोर्टर हेर श्टायनर. जाड मिशा, नाकावर चष्मा, आणि समोर पाहुण्यांची नोंदवही. त्या वहीत नाव लागल्याशिवाय खुद्द डायरेक्टरच्या बायकोलाही आत सोडत नसत. मला पाहताच म्हणाले, "फ्राऊ केळकर, तुमची मुलगी काल आली होती."

मी म्हटलं, "कोण?"

"तुमची ईरा. आल्झो, म्हणजे असं, तुमच्या वर्गातले लोक नेहमी बोलतात ना तिच्याबद्दल, म्हणून मी लगेच ओळखलं. मी म्हटलं, आज तुझ्या आईचा दिवस नाही, आज बुधवार आहे. तर म्हणाली, मी वर थांबते. दोन वेण्या, आणि काय गोड बोलते! अगदी आपल्या इथल्यासारखी श्वेबिश बोली बोलते."

त्यांनी वही माझ्याकडे फिरवली. बुधवार. आल्याची वेळ दहा वाजून दहा मिनिटं. नावाच्या रकान्यात मुलांच्या मोठ्या अक्षरात तिचं नाव. कुणाला भेटायचं, त्या रकान्यात मामा, म्हणजे इकडे आई. बॅज क्रमांक सतरा. गेल्याची वेळ कोरी.

"गेली कधी?" मी विचारलं.

हेर श्टायनर जरा ओशाळले. "तेच तर. मी दोन वाजेपर्यंत इथून हललो नाही. मग दुसरा माणूस आला, तोही म्हणतो बाहेर कुणी गेलं नाही. बॅजही परत आला नाही. तुमच्याबरोबर मागच्या दाराने गेली असेल."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? वर जाऊन नव्वद मिनिटं मी कर्मणी प्रयोग शिकवला. काय शिकवलं देव जाणे. खोलीत नऊ खुर्च्या होत्या. आठ माणसांसाठी आठच असतात, मी स्वतः मोजून लावायची.

मी चौकशी केली नाही असं नाही. कंपनीत तेव्हा आपल्याकडचे चार-पाच इंजिनिअर होते. त्यांच्यापैकी कुणाची तरी मुलगी असेल, सावळी आणि दोन वेण्या पाहून पोर्टरने ईराचं नाव पुढे केलं असेल आणि पोरीने गमतीत तेच लिहिलं असेल. मी एकेकाला आडून आडून विचारलं. दोघांची लग्नं व्हायची होती, एकाची मुलगी पाळण्यात, एकाची दोन्ही मुलं पुण्यात आजीकडे. तरीही काहीतरी साधं कारण असणारच, असं मी आजही म्हणते. फक्त ते मला सापडलं नाही.

आमच्या निळ्या वहीत मी लिहिलं, ईरा बुधवारी गेटवर आली होती. मंगळवारी अरविंदने खाली लिहिलं: ठाऊक आहे. श्टायनरने मलाही सांगितलं. मी तिन्ही मजले शोधले. तळघरही.

ते वाचून मी वही मिटली आणि तिथेच रडले. मला वाटत होतं, ही गोष्ट माझ्या एकटीच्या अंगावर आली आहे. हा माणूस संस्थेची बॅग खांद्याला लावून तळघरात पोर शोधत फिरला होता, आणि गणपतीत म्हणाला होता, खरं नाही काही.

त्यानंतर ती कधी गेटवर आली नाही. पण मी तिसऱ्या मजल्याकडे जाणाऱ्या जिन्यात नेहमी जरा थांबायची. कधी वरून हलक्या पावलांचा आवाज यायचा, कधी नाही. जुनी इमारत, हीटिंगचे पाइप. नववी खुर्ची मी हलवणं सोडून दिलं. कुणी विचारलं तर म्हणायची, कोट ठेवायला आहे.

अठराव्या वर्षी तिला धाडणं भाग होतं. कितीही लाड केले तरी मुलगी वहीत किती दिवस ठेवणार? मी लिहिलं, ईराला कार्ल्सरूहेच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. वर्गात सांगितलं तर सगळ्यांनी टेबलावर बोटांच्या पेरांनी टकटक केली, ही इथली टाळी. त्यानंतर कुणी फारसं विचारायचं नाही. मोठ्या झालेल्या मुलांबद्दल जर्मन माणूस चौकशी करत नाही. वहीत अरविंदचं एक वाक्य आहे, ती फोन करत नाही.

यंदाच्या वसंतात ते ऑफिस बंद झालं. माणसं दुसरीकडे हलवली, आमचा कोर्सही संपला. निरोपाला आम्ही दोघं एकदमच गेलो. इतक्या वर्षांत त्या गेटमधून आम्ही एकत्र कधी गेलोच नव्हतो, एकाचा मंगळवार, एकीचा गुरुवार. फ्राऊ हाउग आणि हेर त्सीगलर निवृत्त होऊनही आले होते. केक झाला, भाषणं झाली. हेर त्सीगलरनी त्यांच्या घोड्यांची खुशाली इंग्रजीत सांगितली आणि सगळे हसले.

खाली आलो तर हेर श्टायनर केबिनमधून बाहेर आले. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांचाही तो शेवटचा दिवस. नोंदी कधीच कम्प्युटरवर गेल्या होत्या. जुन्या वह्यांचा ढीग दारापाशी बांधून ठेवला होता, दुसऱ्या दिवशी त्यांचा यंत्रात भुगा होणार होता. एक वही मात्र त्यांच्या हातात होती.

"फ्राऊ केळकर, हेर केळकर, एक काम राहिलं आहे." त्यांनी पान उघडलं. ते पान मी उलटं धरूनही ओळखलं असतं. "सगळी पानं मी तपासली. एवढीच एक नोंद उघडी आहे. आत आली आहे, बाहेर गेलेली नाही. माणूस आत असताना मी वही देऊन कशी टाकू? उद्या इमारतीला कुलूप लागेल."

ते थट्टा करत नव्हते. जर्मनीत नोंदवहीची थट्टा कुणी करत नाही.

"मूल असेल तर घेऊन जाणाऱ्याने सही करायची असते," त्यांनी बोट ठेवून दाखवलं. "इथे वेळ. इथे सही. इथे नातं."

त्यांनी पेन अरविंदच्या हातात दिलं. त्याने ते घेतलं, वाकला आणि तसाच राहिला. ज्याने तिला नाव दिलं, वय दिलं, बोगद्याची भीती दिली असेल किंवा नसेल, त्याला एक रकाना भरता येईना. तो जिन्याकडे बघत मराठीत म्हणाला, "शैला, मी एकदा दिलंय तिला हातातून. आता मला नाही जमणार."

मी पेन घेतलं. बावीस वर्षं मी वर्गात तिला ईरा म्हटलं, ती म्हटलं. लोक 'तुमची मुलगी' म्हणायचे, मी उत्तर द्यायची, पण 'माझी मुलगी' असं एकदाही म्हटलं नव्हतं. पूर्ण वाक्याचा आग्रह धरणारी मी, हे वाक्य टाळत आले होते. मी घड्याळ बघून वेळ लिहिली, अकरा वाजून वीस मिनिटं. सही केली. नात्याच्या रकान्यात लिहिलं, आई.

"गेनाऊ, अगदी बरोबर," हेर श्टायनर म्हणाले आणि वही मिटली. "आणि बॅज?"

"तिच्याकडेच राहू द्या," मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

त्यांनी आमच्यासाठी काचेचं जड दार उघडून धरलं. आधी अरविंद बाहेर पडला, मग मी. दार सोडून द्यायला हरकत नव्हती. पण हेर श्टायनर ते तसंच धरून उभे राहिले, खाली, साधारण कमरेच्या उंचीवर बघत.

मी मागे वळले नाही. हात मात्र मागे केला आणि मराठीत म्हणाले, "ये गं. जपून, पायरी आहे."